जंतूचा श्वास मोजणारी नळी



बेलव्ह्यू हे गाव अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या पूर्वेला, लेक वॉशिंग्टन नावाच्या लांबलचक तळ्याच्या काठी आहे. इथे मराठी कानावर पडते ते बहुधा किराणा दुकानात, नाहीतर कुणाचे तरी आईवडील संध्याकाळी फेरफटका मारायला निघाले म्हणजे. आईवडील येतात, सहा महिने राहतात, परत जातात. काहींना मुले कायमचे बोलावून घेतात. माझ्या मामांना त्यांच्या मुलीने ठाण्याहून तसेच बोलावले, आणि त्यांच्या व्हिसाच्या कागदांत आलेल्या एका लॅब रिपोर्टावरून हा लेख लिहायचे मनात आले.

मामेबहीण फोन घेऊन माझ्याकडे आली होती. "ताई, तू लॅबमध्ये होतीस ना? हे जरा वाच." मी मुंबईच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत २५ वर्षे टेक्निशियन होते, म्हणून घरातले सगळे रिपोर्ट फिरून फिरून माझ्याकडेच येतात. कागदावर पाच औषधांची नावे होती आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. चार ठिकाणी 'एस', एका ठिकाणी 'आर'. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, जंतू त्या औषधाला दबतो. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्याला जुमानत नाही. 'आर' होता आयसोनियाझिडपुढे, म्हणजे टीबीच्या अगदी पहिल्या रांगेतल्या औषधापुढे. वर पद्धतीचे नाव होते, एमजीआयटी.

"पण हे त्यांना कळलं कसं? जंतूला विचारलं का?" ती म्हणाली.

मी म्हटले, हो, जवळजवळ तसेच. औषधाच्या नळीत घालून बघितले, तो श्वास घेतो की नाही.

मामांची गोष्ट आधी सांगते. ते पंचाहत्तरीचे, काटक. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण दिसला. तेव्हा कुठे मामांनी सांगितले की १९६८ साली, वीस वर्षांचे असताना, त्यांना टीबी झाला होता आणि स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने आणि आयसोनियाझिडच्या गोळ्या घेतल्या होत्या. किती दिवस घेतल्या ते त्यांना आठवेना. बरे वाटल्यावर सोडल्या असाव्यात. घरात ही गोष्ट कुणी बोलत नसे. पाठच्या बहिणींची लग्ने जमायची होती. तोरात शापांच्या यादीत ज्या रोगाचे नाव 'शाहेफेत' म्हणून येते, आणि इस्रायलमध्ये आजही क्षयाला जो शब्द वापरतात, तो रोग आपल्या घरात झाला होता हे कोण कबूल करणार?

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने २००७ साली व्हिसाच्या टीबी तपासणीचे नियम बदलले. त्याआधी थुंकीची काच मायक्रोस्कोपखाली बघत आणि जंतू दिसले नाहीत तर मोकळे सोडत. पण मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार असावे लागतात. कल्चर केले, म्हणजे थुंकीतले जंतू खाऊपिऊ घालून वाढवले, तर शंभरापेक्षा कमी असले तरी सापडतात. म्हणून आता एक्स-रेवर शंका आली की तीन दिवस थुंकीचे नमुने आणि त्यांचे कल्चर. निकालाला आठ आठवडेपर्यंत थांबावे लागते, आणि जंतू उगवला तर त्याच्यावर औषधांची चाचणी. मामांच्या तिन्ही काचा स्वच्छ होत्या. तीन कल्चरपैकी एक मात्र एकोणिसाव्या दिवशी उगवले.

त्या आठ आठवड्यांत घरात बराच कलकल झाला. ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितले, कशाला थांबता, नेहमीच्या चार गोळ्या सुरू करून टाका. मामांनाही तेच बरे वाटत होते. तसे केले असते तर काय झाले असते, ते पुढे सांगते. आधी ती नळी.

बेलव्ह्यूहून तळ्यावरचा तरंगता पूल ओलांडला (तरंगत्या पुलांत हा जगातला सर्वांत लांब) की जवळच युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन लागते. जंतूंवर औषधांची चाचणी घेणाऱ्या जगातल्या प्रत्येक टेक्निशियनला या विद्यापीठाशी संबंधित दोन नावे पाठ असतात, कर्बी आणि बॉवर. त्यांनी सहकाऱ्यांसह १९६६ साली जी पद्धत नीट बांधून दिली, ती मी हजारो वेळा केली आहे. एका बशीत आगरचा थर ओतायचा, त्यावर रोग्याचे जंतू सारवायचे, वर औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या आणि रात्रभर ३५ अंशांच्या पेटीत ठेवायचे. सकाळी बशीवर जंतूंची साय आलेली असते. जे औषध चालते त्या टिकलीभोवती मोकळे वर्तुळ राहते. पट्टीने वर्तुळ मोजायचे, तक्त्यात बघायचे, एस किंवा आर लिहायचे. लघवीच्या इन्फेक्शनचा तुमचा रिपोर्ट, मग तो ठाण्यातला असो की अश्दोदमधल्या कुपत होलिमचा, पुष्कळदा अशाच बशीतून किंवा तिच्याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रातून आलेला असतो.

टीबीला ही पद्धत चालत नाही. लघवीतला इ. कोलाय हा जंतू चांगले खायला मिळाले तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. एका रात्रीत कोट्यवधी. क्षयाचा जंतू दिवसाकाठी जेमतेम एकदा दुभंगतो. आठवड्यात एकाचे शे-सव्वाशे. तो वाढेपर्यंत टिकलीतले औषध बशीभर पसरून विरून जाते. म्हणून त्याच्यासाठी वेगळे खाणे असते, लोवेनस्टाइन-येन्सन नावाचे. त्यात कोंबडीची अंडी फेटून घालतात आणि इतर जंतू येऊ नयेत म्हणून मॅलेकाइट ग्रीन हा हिरवा रंग घालतात. बाटल्या तिरप्या ठेवून गरम करून हे मिश्रण गोठवायचे. आमच्या लॅबमध्ये ज्या दिवशी हे काम असे त्या दिवशी मी जेवणात अंडे खात नसे. त्या हिरव्या उतारावर तीन ते आठ आठवड्यांनी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फिकट पिवळे ठिपके दिसत. मग ते खरवडून पुन्हा औषध घातलेल्या बाटल्यांत पेरायचे आणि पुन्हा चार-सहा आठवडे. रिपोर्ट लिहून तयार होई तेव्हा रोग्याला यायला सांगण्यासाठी पोस्टकार्ड टाकत. काही कार्डे परत येत. का येत असतील ते आम्ही विचारत नसू.

आता श्वासाकडे वळू.

ठिपका डोळ्यांना दिसायची वाट बघायचीच का? जंतू दिसण्याआधी जगतो, आणि क्षयाच्या जंतूला जगायला ऑक्सिजन लागतोच. फुफ्फुसाच्या वरच्या भागात तो जास्त आढळतो याचेही एक कारण तिथे ऑक्सिजन भरपूर असतो हे मानले जाते. म्हणजे बंद नळीत ऑक्सिजन कमी होऊ लागला तर आत कुणीतरी जिवंत आहे. हिब्रूत ऑक्सिजनला 'हमत्सान' म्हणतात. त्याचे मूळ हामेत्सचेच, आंबट होण्याचे. (ऑक्सिजनमुळे आम्ल बनते असे जुने युरोपियन शास्त्रज्ञ समजत, तोच गैरसमज शब्दांत राहून गेला.) कोकणात आपले पूर्वज पेसाहला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, आंबटाचे मडके झाकून ठेवण्याचा सण. झाकलेल्या मडक्यात डोळ्यांना न दिसणारे काहीतरी चालू असते, हे आपल्या आज्यांना सांगावे लागत नव्हते. प्रश्न इतकाच, झाकण न उघडता ते मोजायचे कसे?

डेअरीत याचे एक साधे उत्तर फार वर्षांपासून आहे. दुधाच्या नळीत मेथिलीन ब्लूचे थेंब टाकतात आणि बूच लावून कोमट पाण्यात ठेवतात. दुधातले जंतू आतला ऑक्सिजन संपवतात, आणि तो संपला की निळा रंग उडतो. रंग जितका लवकर उडाला तितके दूध वाईट. दुसरे उत्तर सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांत सापडते. जमिनीखालच्या त्या खोल पेवात माणूस उतरवण्याआधी कंदील सोडत. कंदील विझला तर खाली हवा नाही, कुणी उतरायचे नाही. तोही ऑक्सिजन सेन्सरच म्हणायचा.

एमजीआयटीच्या नळीतही एक दिवा आहे, पण उलट्या स्वभावाचा. ऑक्सिजन असेपर्यंत तो विझलेला असतो आणि ऑक्सिजन संपला की उजळतो. शनवार तेल्यांच्या वंशजांना असा बिनतेलाचा, हवेवर रुसणारा दिवा चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नळीच्या तळाशी सिलिकोन रबराचा छोटा थर असतो. त्यात रुथेनियम या धातूचे एक संयुग मिसळलेले असते. त्यावर अतिनील प्रकाश टाकला की त्याचे रेणू ती ऊर्जा घेतात आणि क्षणभराने नारिंगी प्रकाशाच्या रूपाने परत देतात. पण त्या क्षणभरात ऑक्सिजनचा रेणू येऊन आदळला तर तो ती ऊर्जा परस्पर घेऊन जातो आणि प्रकाश बाहेर पडतच नाही. ऑक्सिजन जास्त तर अंधार, ऑक्सिजन कमी तर नारिंगी उजेड. हा गुण जर्मनीत हान्स काउट्स्की या रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवला होता. सिलिकोन निवडण्यामागे युक्ती आहे. त्यातून ऑक्सिजन सहज आरपार जातो, पण पाणी, मीठ, औषध आणि जंतू जात नाहीत. त्यामुळे दिव्याचा जंतूला त्रास नाही आणि जंतूचा दिव्याला नाही. कोविडमध्ये आपण बोटाला लावत होतो ते ऑक्सिमीटर वेगळे. ते रक्ताच्या लाल रंगातला फरक बघते. इथे तसे काही नाही.

वर सात मिलिलिटर पातळ खाद्य असते. त्यात साफ केलेली थुंकी घालायची, बूच आवळायचे आणि नळी यंत्रात ठेवायची. यंत्रात ९६० नळ्या मावतात, म्हणून त्याचे नावही ९६०. बेक्टन डिकिन्सन या अमेरिकन कंपनीचे. ते ३७ अंशांवर नळ्या सांभाळते आणि दर तासाला प्रत्येक नळीच्या बुडाशी प्रकाश टाकून उजेड मोजते. एका मिलिलिटरमध्ये लाख ते दहा लाख जंतू झाले की उजेड ठरलेल्या रेषेपलीकडे जातो आणि यंत्र हाक मारते. ४२ दिवस हाक आली नाही तर नळी निगेटिव्ह.

याआधीचे यंत्र उच्छ्वास मोजत असे. जंतूच्या खाण्यात किरणोत्सारी कार्बन-१४ घालत आणि जंतूने बाहेर टाकलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तो किती आला ते बघत. चांगले चाले, पण प्रत्येक नळीच्या बुचात सुई खुपसावी लागे आणि किरणोत्सारी कचऱ्याचे काय करायचे ही डोकेदुखी वेगळीच. उच्छ्वासाऐवजी श्वास मोजायला घेतल्यावर दोन्ही कटकटी गेल्या. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी ही नळी हाताळली. पहिल्यांदा दिव्याखाली नारिंगी कड उजळलेली बघितली तेव्हा, खरे सांगते, हिरव्या बाटल्यांची आठवण काढणारे आमच्यात कुणी नव्हते.

आता औषधाची चाचणी. यातली गंमत हिशेबात आहे, म्हणून जरा लक्ष द्या. रोग्याच्या अंगातले सगळे जंतू एकसारखे नसतात. लाखांत एखादा औषधाला न जुमानणारा निघतोच, आणि तेवढ्याने बिघडत नाही. शंभरात एकापेक्षा जास्त तसे असतील तर मात्र ते औषध त्या रोग्यात चालणार नाही, असा नियम जुन्या अनुभवावरून बसवलेला आहे. हे मोजायचे कसे? एका नळीत औषध घालतात आणि जंतूंचा पूर्ण वाटा. दुसऱ्या नळीत औषध नाही, पण जंतू शंभरपट पातळ करून, म्हणजे शंभरातला एकच वाटा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात. बिनऔषधाची नळी शंभरावा वाटा घेऊन सुरू होते, तिला ठरलेल्या खुणेला, म्हणजे यंत्राच्या मापाने ४०० ला, पोचायला ४ ते १३ दिवस लागतात. त्या घडीला औषधाच्या नळीकडे बघायचे. तिचा आकडा १०० च्या खाली असेल तर शंभरपट सुरुवात मिळूनही तिच्यातले जंतू मागे पडले, म्हणजे औषधाने त्यांना दाबले: एस. १०० किंवा वर असेल तर औषध पिऊनही श्वास घेणारे तिथे एका टक्क्यापेक्षा जास्त आहेत: आर.

मामांच्या आयसोनियाझिडच्या नळीत मिलिलिटरला ०.१ मायक्रोग्रॅम औषध होते, आणि ती नळी उजळली.

पण जीनएक्सपर्टसारखी यंत्रे तर दोन तासांत सांगतात ना, असे काही वाचक म्हणतील. सांगतात, आणि त्यांनी फार मोठे काम केले आहे. आपल्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट तर बॅटरीवर चालते, खेड्यातल्या दवाखान्यात ठेवता येते, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. ही यंत्रे जंतूचे जनुक वाचतात. पण सर्वत्र चालणाऱ्या या साध्या चाचण्या रिफॅम्पिसिन या एकाच औषधाविषयी बोलतात. मामांचा नमुना त्यांत घातला असता (आणि इतके थोडे जंतू त्यांना सापडले असते) तर उत्तर आले असते: टीबी आहे, रिफॅम्पिसिन चालते. मग नेहमीच्या चार गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधे, त्यातले आयसोनियाझिड निकामी. पुढच्या चार महिन्यांत रिफॅम्पिसिनने किल्ला लढवायचा आणि सोबतीला इथॅम्ब्युटॉल, जे मुळात दुबळे. अशा लढाईत हळूहळू रिफॅम्पिसिनही हातचे जाते, आणि ते गेले की रोगाचे नाव बदलून एमडीआर होते. आयसोनियाझिडचे जनुक वाचणाऱ्या चाचण्याही आहेत, भारत सरकारच्या कार्यक्रमात त्या केल्या जातात. पण ती मागायला हवी, हे आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवे.

एकट्या औषधाने काय होते हा धडा स्ट्रेप्टोमायसीनने फार लवकर दिला होता. हे औषध १९४३ साली अमेरिकेत रटगर्स इथे मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून निघाले. शोधणारे दोघे ज्यू: प्राध्यापक सेल्मन वॅक्समन आणि त्यांचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ. पुढे श्रेयावरून दोघे कोर्टात गेले आणि १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समनना मिळाले, हे काही आपल्याला भूषणावह नाही. पण सांगायची गोष्ट ब्रिटनमधल्या चाचणीची. तिथे १०७ रोग्यांपैकी ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसीन दिले आणि बाकीच्यांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले ४ गेले, विश्रांतीवाल्यांतले १४. सगळ्यांना आनंद झाला. पण औषध घेणाऱ्या पुष्कळ जणांच्या जंतूंनी तोवर औषधाला दाद देणे सोडले होते, आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. तेव्हापासून टीबीला दोन-तीन औषधे एकत्र देतात. आणि तेव्हापासूनच कोणती चालतात हे बघणे जरुरीचे झाले.

मुंबईला हा धडा पुन्हा शिकावा लागला. धारावीतल्या शंभर खाजगी डॉक्टरांना टीबीचे औषध लिहून द्यायला सांगितले तेव्हा त्यांनी ८० वेगवेगळ्या तऱ्हा लिहिल्या, हे १९९१ साली छापून आले. सुमारे वीस वर्षांनी डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत पुन्हा तसेच केले. १०६ डॉक्टर, ६३ तऱ्हा, आणि बरोबर फक्त सहा. मग २०११ च्या डिसेंबरात माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. उडवाडिया, डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. चार रोगी होते. तपासलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या रांगेतल्या कुठल्याही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. 'टोटली' रेझिस्टंट या शब्दावर सरकारने हरकत घेतली, जागतिक आरोग्य संघटनेनेही तो मानला नाही. शब्दाचे भांडण बाजूला ठेवू. रोगी होते, आणि त्यांच्या अंगात काय आहे हे कळले ते औषधांची नीट चाचणी करणारी प्रयोगशाळा जवळ होती म्हणून. २०१२ च्या मे महिन्यात भारतात टीबीच्या प्रत्येक रोग्याची सरकारकडे नोंद करणे सक्तीचे झाले.

आज अशा रोग्यांसाठी बेडाक्विलिन हे नवे औषध आहे. ते जंतूच्या ऊर्जा बनवणाऱ्या चक्कीलाच खीळ घालते. पण त्यालाही न जुमानणारे जंतू निघू लागले आहेत, आणि त्यांच्या जनुकांतले बदल इतके विखुरलेले असतात की नुसते जनुक वाचून नक्की सांगता येत नाही. तिथे पुन्हा नळीच. मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम बेडाक्विलिन घालायचे आणि श्वास मोजायचा.

नळी चुकत नाही असे मात्र समजू नका. थुंकीत तोंडातले इतर जंतू असतात. ते आधी रसायनाने मारावे लागतात, आणि एखादा उरला तर दोन दिवसांत सगळा ऑक्सिजन फस्त करून नळी उजळवतो. यंत्राला कोण श्वास घेतोय ते कळत नाही, कुणीतरी घेतोय एवढेच कळते. म्हणून उजळलेल्या नळीतला थेंब पुन्हा मायक्रोस्कोपखाली बघावाच लागतो. पायराझिनामाइडची चाचणी आंबट खाद्यातच होते आणि जंतू जरा जास्त पडले की उगाच 'आर' दाखवते. त्या रिपोर्टाने आम्हाला फार छळले आहे. उलटही होते. रिफॅम्पिसिनच्या बाबतीत काही जंतू औषधात मरत नाहीत, फक्त सावकाश वाढतात. नळी त्यांना 'एस' म्हणते आणि रोगी बरा होत नाही. तिथे जनुकाची चाचणी शहाणी ठरते. अशा जंतूंसाठीच २०२१ साली नळीतले रिफॅम्पिसिनचे प्रमाण १ मायक्रोग्रॅमवरून ०.५ वर आणले. माझे मत विचाराल तर जनुकाची चाचणी पहिल्या दिवशी आणि श्वासाची चाचणी पाठोपाठ, दोन्ही हव्यात. खर्चाच्या नावाखाली दुसरी गाळणे मला पटत नाही.

हाच दिवा आता छोट्या खणांच्या प्लास्टिक पट्ट्यांच्या तळाशी बसवून साध्या जंतूंवरही वापरता येतो. त्यांची वाढ भराभर, त्यामुळे उत्तर काही तासांत मिळू शकते. मोठ्या दवाखान्यांत रक्तात जंतू पसरलेल्या रोग्याला त्याचा उपयोग होईल. पण तिथे इतरही जलद यंत्रे स्पर्धेत आहेत. टीबीच्या लॅबमध्ये मात्र ही नळी कधीच रुळली आहे.

कुणाच्या घरी व्हिसाच्या तपासणीची वेळ आली तर दोन गोष्टी सांगून ठेवते. थुंकी म्हणजे लाळ नव्हे. सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका हवा. आणि नमुने देण्याआधी खोकल्यासाठी म्हणून लेव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटीबायोटिक गोळी घेऊ नका. ती टीबीच्या जंतूला अर्धवट झोपवते, कल्चर उगवत नाही, आणि रोग आत तसाच राहतो. जुना टीबी झाला असेल तर डॉक्टरांना सांगा. पन्नास वर्षांपूर्वी लाजेने झाकलेली गोष्ट आता झाकून कुणाचेही लग्न जमणार नाही.

मामांना सहा महिने रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड आणि लेव्होफ्लॉक्सासिन अशी औषधे दिली. लेव्होफ्लॉक्सासिनचीही नळी आधी लावून बघितली होती. ती काळीच राहिली. गोळ्या रोज कुणाच्या तरी समोर घ्यायच्या असा नियम. मामा त्याला 'हजेरी' म्हणत आणि इस्त्रीचा शर्ट घालून जात. तिसऱ्या महिन्यात सांधे दुखू लागले, पायराझिनामाइडने दुखतात तसे, तेव्हा एकदा फोनवर मला म्हणाले, "तुझ्या त्या नळीपेक्षा आमच्या वेळची इंजेक्शनं बरी होती गं." मी विचारले, मग ती पुरती का घेतली नाहीत? त्यावर हवापाण्याची चौकशी झाली.

औषधे संपल्यावर पुन्हा तीन सकाळी तीन नमुने दिले. यंत्र दर तासाला बघत होते आणि इथे बेलव्ह्यूत मामेबहीण दर दिवसाला कॅलेंडरवर फुली मारत होती. तिन्ही नळ्या ४२ दिवस अंधारातच राहिल्या. मामा आले त्याच महिन्यात किंग काउंटीच्या टीबी क्लिनिकमध्ये त्यांना नेले, तेव्हा नर्सने जुना रिपोर्ट मागितला. मामांनी तो आता प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला आहे, सिद्दूरसोबत त्याच खणात.